पाण्याच्या वाटेने जुने औरंगाबाद

औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) पाहुणे आले की आपण त्यांना बीबी का मकबरा दाखवतो आणि वेरूळच्या गाडीत बसवून देतो. मकबरा सुंदर आहे, वाद नाही. पण दरवाजांच्या आतले जुने शहर तसेच राहून जाते. या सुट्टीत मुलांना तिथे पायी फिरवा. आणि दरवाजे मोजत बसण्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन फिरा : एवढ्या वस्तीला पाणी कुठून मिळत होते?

सुरुवात भडकल दरवाजापासून करावी. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो बांधला. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 साली त्याने खडकी गावी शहर वसवले. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. जवळची खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. त्याने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले जमिनीखालचे पाणी बंदिस्त नहरीने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले, 1682 च्या सुमारास तटबंदी उभारली. वस्ती वाढली तशा आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद त्याच काळाची आठवण.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे तर पाणचक्की. भडकल दरवाजापासून ती जवळच आहे. इथे बुखाऱ्याकडून आलेले सूफी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांची दर्गाह आहे. दर्गाहवर येणाऱ्या फकीर-मुसाफिरांना भाकरी मिळावी म्हणून पाण्याच्या जोरावर फिरणारे जाते बसवले. कित्येक किलोमीटरवरच्या झऱ्यातून मातीच्या नळांनी पाणी येते, उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. ना पंप, ना वीज. पाणी वर कसे चढले, असे मुले विचारतातच. लगेच उत्तर देऊ नका. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी धरून तिच्यात पाणी ओता. दोन्ही बाजूंना पातळी सारखीच राहते. डोंगरातला झरा भिंतीपेक्षा उंच आहे, एवढेच गुपित. सातवीच्या वर्गात फळ्यावर अर्धा तास घालवून जे समजत नाही, ते इथे पाच मिनिटांत समजते.

हौदाच्या कडेला उभे राहून परत फिरू नका. त्याच्या तळाखाली खांबांवर पेललेले दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो.

मग परत शहरात या. किल्ले अर्कजवळची जामा मशीद मलिक अंबरच्या काळातली, औरंगजेबाने वाढवलेली. पुढे सिटी चौक, गुलमंडी, शाहगंजचा घड्याळ मनोरा. हिमरू शाल घ्यायची असेल तर कापूस आणि रेशीम एकत्र विणलेले अस्सल कापड कोणते, हे विचारूनच घ्या. यंत्रावरचा माल हिमरू म्हणून सर्रास विकला जातो. भूक लागली की नान-खलिया आहेच.

स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली, चांगले झाले. दरवाजा रस्त्यात उभा असतो, त्याचा फोटो निघतो. नहर जमिनीखाली आहे, तिच्याकडे कोण पाहणार? घरांचे पाये खणताना नळ फुटले, कुठे गाळ भरला, कुठे सांडपाणी मिसळले. ज्या शहराने चारशे वर्षांपूर्वी पाणी घरापर्यंत आणले, तिथे आज जायकवाडीचे पाणी वर चढवून आणावे लागते आणि नळाला ते कित्येक दिवसांआड येते. पिंपे भरून ठेवणाऱ्या आयांना हे वेगळे सांगायला नको.

जाताना सकाळी लवकर निघा. अकरानंतर गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसते. जुम्याचा दिवस टाळा. आणि पाऊस चांगला झाला असेल त्या वर्षी जा, म्हणजे पाणचक्कीची धार पडताना दिसेल. कोरड्या सालात ती भिंत नुसतीच उभी असते.