पूर्णेच्या रेतीत राजदूत

माझ्या लिहावयाच्या टेबलावर एक जुना पिस्टन उलटा ठेवलेला आहे. त्यात मी चार पेन्सिली ठेवतो. भेटीला येणारे लोक तो हातात घेऊन पाहतात आणि हमखास विचारतात, "विमानाचा का हो?" विमानाचा नाही, राजदूत मोटारसायकलीचा आहे. एका बाजूने तो अजून बऱ्यापैकी चकचकीत आहे. दुसरी बाजू मात्र पाट्यावर घासल्यासारखी राखाडी, निस्तेज झाली आहे. ही बाजू मी नेहमी भिंतीकडे करून ठेवतो. ती तशी का झाली, हे या दिवाळीला एकदा सांगून टाकावे म्हणतो.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, काळ्या मातीचा सपाट मुलूख पसरलेला आहे आणि त्यातून पूर्णा नदी पश्चिमेकडे तापीला भेटायला जाते. आमचे गाव नदीच्या अलीकडे, नांदुऱ्याच्या बाजूला. आणि 1978 साली मला शाळामास्तरची नोकरी मिळाली ती पलीकडे, जळगाव जामोदच्या बाजूला. पुलावरून गेले तर मोठा फेरा पडे. पावसाळा सरला की बैलगाड्या सरळ नदीच्या पात्रातून जात. त्यांच्या चाकोरीने सायकल हातात धरून मी दोन महिने काढले.

त्या वर्षी कापसाचा चुकारा हातात आला, तेव्हा बाबांनी मला न विचारता एक जुनी राजदूत घेऊन दिली. ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलंडमधल्या एसएचएल नावाच्या मोटारसायकलीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने 1962च्या सुमारास ती आपल्याकडे काढली. पावणेदोनशे सीसीच्या आसपासचे, एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन. दिसायला साधी, अंगाने दणकट; दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून दूधवाले तिला वाटेल तिथे नेत. 1973 साली 'बॉबी' चित्रपटात तिचीच एक छोटी बहीण झळकली आणि राजदूत या नावाला जरा रुबाब आला. माझ्या गाडीला रुबाब नव्हता, पण आवाज होता. 'फट्-फट्-फट्' करीत मी शाळेच्या आवारात शिरलो की पोरे प्रार्थना विसरत.

आता फुफाट्याविषयी. काळी माती पावसात जितकी चिकट, तितकीच उन्हाळी भुकटी. गाड्यांच्या चाकोरीत ती घोट्याएवढी साचते आणि पुढे एखादी गाडी असली तर मागच्या माणसाला आपला हातही दिसत नाही. या फुफाट्याने माझ्या गाडीच्या एअर फिल्टरची जाळी दर आठ-दहा दिवसांनी बुजे. गाडी धूर ओके, चढ चढेना. जाळी काढायची, रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, तेलाचा हात फिरवून पुन्हा बसवायची, एवढेच काम. पण मास्तरला त्याचाही कंटाळा. शिवाय कोणीतरी सांगितले, "जाळी काढून टाका, पिकप वाढते." मी काढली, कागदात गुंडाळली आणि बाजूच्या डब्यात टाकली. खरोखरच गाडी मोकळी पळू लागली. मला वाटले, कारखानदारांपेक्षा आपल्याला अधिक कळते.

जानेवारी 1979. संक्रांत जवळ आली होती. (याच दिवसांत पॅरिसहून निघालेले काही साहसी लोक सहाराच्या वाळूतून मोटारसायकली हाकीत डाकारकडे चालले होते. त्या शर्यतीचे ते पहिलेच वर्ष. मला त्याचा पत्ता नव्हता; माझा सहारा घराजवळच होता.) नदीला गुडघाभर पाणी होते. नेहमी मी उतरून गाडी ढकलत नेई, पण त्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला येणार होते आणि मला उशीर झाला होता. पहिल्या गिअरमध्ये गाडी तशीच पाण्यात घातली. मध्यावर पुढचे चाक रेतीत रुतले आणि इंजिन चालू असतानाच गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. (आमच्याकडे वाळूला रेतीच म्हणतात.) एक विचित्र घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि सगळे शांत.

मागून येणाऱ्या एका गाडीवानाने मला आणि गाडीला काठावर ओढून काढले. तो म्हणाला, "मास्तर, किक नोका मारू. अंदर रेती गेली असन. निथळू द्या तिले." यंत्राशी त्या माणसाचा संबंध पीठगिरणीपुरता असेल, पण त्या सकाळी त्याने सांगितले ते शंभर टक्के खरे होते. मी प्लग काढला, किक मारली. भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. प्लग पुसून पुन्हा बसवला आणि मारीत सुटलो. तीस-चाळीस किकांनंतर गाडी सुरू झाली! गाडीवानाकडे मी विजयी वीराच्या नजरेने पाहिले. त्याने काही न बोलता बैल हाकले.

शाळा गाठली. तपासणीही पार पडली. संध्याकाळी परतताना मात्र इंजिनातून खुळखुळ्यासारखा आवाज येऊ लागला. मी वेग वाढवला. आवाज मागे राहील अशी माझी कल्पना असावी. गावापासून दोन कोसांवर मागचे चाक एकदम आवळले. क्लच दाबता आला म्हणून हातपाय शाबूत राहिले. मग घरापर्यंत ढकलत नेली. बाबा ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "नदीत पडली. नशीब!" जाळीचे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये टाकून गाडी खामगावला नेली. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. बाबाही आले आणि एका खोक्यावर बसून राहिले. मिस्त्रींनी हेड उतरवले, सिलिंडर वर ओढून काढला आणि पिस्टन पालथा-उताणा करून पाहिला. मग कार्बोरेटरच्या तोंडात बोट घातले आणि माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहू लागलो.

मिस्त्रींनी बाबांना जे समजावले ते मी जन्मात विसरणार नाही. ट्रकच्या किंवा चार-स्ट्रोकच्या इंजिनात, ते म्हणाले, हवा आणि इंधन समोरच्या दाराने थेट माडीवर, म्हणजे सिलिंडरमध्ये जाते. खाली तळघरात क्रँक आपल्या तेलात स्वस्थ फिरत असतो. टू-स्ट्रोकला निराळे दार नाही. पिस्टन वर गेला की हवा आधी तळघरात ओढली जाते, खाली आला की तिथून दाबली जाऊन माडीवर चढते. 1891च्या सुमारास इंग्लंडात बाथ गावी जोसेफ डे नावाच्या माणसाने ही युक्ती काढली, हे मी पुढे वाचले. युक्ती फार सुरेख आहे. व्हॉल्व्ह नको, तेलाची टाकी नको. लिटरभर पेट्रोलमध्ये चाळीस-पन्नास मिलिलिटर तेल मिसळले की तेच जाता जाता सगळ्यांना वंगण घालते. पण यात घराला उंबरठा म्हणून जो काही आहे तो एवढाच : एअर फिल्टर. तो ओलांडून आलेला प्रत्येक कण आधी क्रँकच्या बेअरिंगांत आणि कनेक्टिंग रॉडच्या रोलरमध्ये जातो, मग पिस्टनला घासतो, मग वर चढतो. तेल फिरत नाही, म्हणून ते गाळायची सोयही नाही.

आणि हा कण साधा नव्हे. रेतीत गारगोटी असते. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् यांच्या दहा पायऱ्यांत गारगोटी सातवी. सिलिंडरचे बिडाचे लोखंड तिच्या बरेच खाली. मोठा कण रोलरमध्ये सापडला तर तो तिथे खड्डे पाडतो, भरडला जातो आणि त्याचे पीठ होते. पीठ झाले म्हणून सुटका नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो केसाहून कितीतरी पातळ. त्या पापुद्र्याएवढी भुकटीच सर्वांत घातक. घडी घालून ठेवलेल्या पॉलिश-कागदासारखी ती अहोरात्र काम करते.

मिस्त्रींनी क्रँककेसच्या तळातून चमचाभर रेती काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. "हे कालची," ते म्हणाले. मग पिस्टनची कार्बोरेटरकडची बाजू दाखवली. तीच, जी आज भिंतीकडे आहे. तिथे ओरखडे नव्हते, नुसती झीज होती, एकसारखी, मंद. एक रिंग त्यांनी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट दाखवली. नव्या रिंगेची फट जेमतेम दिसते. माझ्या रिंगेच्या फटीत बाबांच्या अंगठ्याचे नख गेले.

"हे एका दिवसाचं काम नाई, भाऊ," मिस्त्री बाबांना म्हणाले. "रेतीनं काल मारली, पन फुफाटा तिले लय दिसापासून खाऊन राह्यला व्हता."

बाबांनी तळहातावरची रेती खाली झटकली नाही. माझ्याकडे न पाहता विचारले, "जाळी कुठी हाय?"

मी डबा उघडून कागदाची पुडी काढून दिली. ते काही बोलले असते तर बरे वाटले असते.

मग इंजिन पुरते उघडले गेले. रॉकेलने आतून धुऊन भागेल का, असे मी भीत भीत विचारून पाहिले. मिस्त्री म्हणाले की नुसते स्वच्छ पाणी गेले असते आणि किक मारली नसती, तर कार्बोरेटर आणि प्लग काढून, गाडी कलती करून, रॉकेल-तेलाने खळबळून कदाचित भागले असते. पण रोलरच्या पिंजऱ्यात अडकलेली रेती धुऊन निघत नाही, उलट आणखी खोल जाते. क्रँक दाबयंत्रावर सोडवून नवा रॉड, नवी पिन, नवे रोलर घातले. दोन्ही बाजूंची बेअरिंगे आणि तेल-सील बदलली. सिलिंडर लेथवाल्याकडून पुढच्या मापाला बोअर करून आणला आणि त्या मापाचा पिस्टन घेतला.

बोअर केलेला सिलिंडर मी लगेच पेट्रोलने धुवायला घेतला, तर मिस्त्रींनी हातातून काढून घेतला. पेट्रोल तेल धुते, पण दगडाची भुकटी धातूच्या रेघांत तशीच सोडते. ती फक्त कढत पाणी, साबण आणि ब्रश यांनी निघते. आणि धुऊन होताच तेल लावावे लागते, नाहीतर पाहता पाहता गंज चढतो. पाणीही ते नळाचे घेत. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी त्यांना चालत नसे. वाळले की मागे पांढरी बुरशी ठेवते, म्हणत. धुऊन झाल्यावर तेलाचे पांढरे फडके आतून फिरवायचे. फडके काळे-राखाडी निघाले की पुन्हा साबण. दुकानातली सगळी फडकी मळकी होती. बाबांनी पिशवीतले जुने धोतर काढले आणि त्याच्या चिंध्या फाडून दिल्या. पाचव्या चिंधीला डाग पडला नाही.

त्या खर्चापायी आमचा गोऱ्हा विकावा लागला. घरात कोणी मला त्याबद्दल बोलले नाही. पण त्या वर्षी पोळ्याला गोठ्यातला एक खुंटा रिकामा होता आणि माझ्या आईने सवयीने त्याच्यासमोरही पुरणपोळी नेली होती.

आता टू-स्ट्रोक मोटारसायकली दुकानातून गेल्या. धुराचे नियम कडक झाले आणि त्यांचा जमाना सरला. पण इंजिन गेलेले नाही. पाठीवरचे फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे, यांत तेच आहे. परवाच माझा पुतण्या असे एक गवतकापे घेऊन आला. जोर लागत नाही, म्हणाला. फिल्टरचा स्पंज कुठे आहे विचारले, तर "काका, तो काढला की बरं चालते." मी टेबलावरचा पिस्टन उचलून, पेन्सिली काढून, भिंतीकडची बाजू त्याच्याकडे केली. नंतर स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलात भिजवून पिळून काढला आणि बसवला. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी जोड चिरला होता, तोही बदलायला लावला. स्पंज कितीही स्वच्छ असो, जोडातून हवा शिरली तर त्याचा उपयोग नाही.

गाडी बांधून आली त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी बाबा म्हणाले, मीही येतो. ते मागे बसले. नदीच्या काठावर आल्यावर मला वाटले, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद करायला लावले, पेट्रोलची चावी स्वतः फिरवली. कोटाच्या खिशातून धोतराची उरलेली चिंधी काढून तिचा घट्ट बोळा केला आणि हवा आत जाते त्या तोंडात बसवला. मग धोतर वर खोचून ते मागे गेले. मी हँडल धरले. गुडघाभर पाण्यातून, रेतीतून, दम घेत घेत आम्ही दोघांनी ती गाडी पलीकडे नेली. काठावर चढल्यावर त्यांनी बोळा काढला, पाहिला, झटकून पुन्हा खिशात घातला आणि म्हणाले, "मार आता किक."