थर्ड क्लासचा डबा

न्यूयॉर्कला देशातून पाहुणे आले की त्यांना मेट्रोपॉलिटन म्युझियम दाखवणे हे आपल्यापैकी अनेकांच्या घरचे ठरलेले काम. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. चालून चालून तिचे पाय भरून आले होते. एका चित्रापुढे मात्र ती थबकली आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला थर्ड क्लासचा डबा!"

चित्राचे नावही नेमके तेच. चित्रकार ओनोरे दोमिए, काळ १८६२ ते १८६४ चा. जेमतेम दोन फूट उंच, तीन फूट रुंद. लाकडी बाकावर मधोमध डोक्यावरून वस्त्र ओढलेली म्हातारी, मांडीवर टोपली. एका बाजूला तान्ह्याला पाजणारी आई, दुसऱ्या बाजूला पेंगलेला पोरगा. मागे टोप्यांची दाटी.

हा दोमिए मुळात व्यंगचित्रकार. १८०८ साली मार्सेलला जन्मला. बाप काचा बसवणारा कारागीर. पोट भरले ते शिळाछापावर. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. शाई धरते ती फक्त तेलकट रेघांवर. अशी सुमारे चार हजार चित्रे त्याने काढली. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याला गरिबांचा पैसा गिळणारा खादाड राक्षस दाखवल्याबद्दल १८३२ साली तुरुंगातही जाऊन आला.

पुढे १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसला. राजा काढता येईना, तेव्हा 'शारिवारी' या दैनिकासाठी दोमिएने पॅरिस शहरच काढायला घेतले. वकील, घरमालक आणि भाडेकरू, घोड्यांच्या बसमध्ये कोंबलेली माणसे, आगगाडीचे प्रवासी. सरकारने एक दार लावले म्हणून आपल्याला ही माणसे मिळाली, असे मला वाटते. वकिलांवर तर त्याचा विशेष राग. (आपल्यातल्या वकील मंडळींनी क्षमा करावी!)

बाल्टिमोरच्या मंडळींना लांब जायला नको. तिथल्या वॉल्टर्स म्युझियममध्ये त्याची १८६४ ची तीन जलरंगचित्रे आहेत: फर्स्ट, सेकंड आणि थर्ड क्लास. ती काढून घेतली विल्यम वॉल्टर्स या व्यापाऱ्याने. पुढे त्याने रेल्वेतही पैसा गुंतवला, ही गंमतच. फर्स्ट क्लासमध्ये चौघे ताठ बसलेले. कोणी कोणाकडे पाहत नाही. न्यू जर्सीहून रोज सकाळी गाडीने मॅनहॅटनला जाणारे आम्ही हुबेहूब असेच बसतो. सेकंड क्लासमध्ये मंडळी थंडीने अंग चोरून बसली आहेत. थर्ड क्लासमध्ये माणसे एकमेकांना खेटून आहेत आणि तिथे आयुष्यभर लोकांची टर उडवलेल्या या माणसाचा हात थट्टेला उठत नाही.

न्यूयॉर्कचे चित्र त्याच्या हातून पुरे झालेच नाही. आकृत्या नीट उतरवण्यासाठी आखलेल्या चौकटींच्या रेघा म्हातारीच्या अंगावरूनही गेलेल्या दिसतात. आईला मी त्या दाखवल्या, आणि आपल्याकडचा थर्ड क्लास १९७४ मध्ये गेला, त्याचाच सेकंड क्लास झाला, असेही सांगितले.

"नाव बदललं, बाकं तीच," ती म्हणाली. मग चित्राकडे वळून, "टोपलीत भाकरी असेल. पोरगा उठला की देईल त्याला."