खाडी आणि डोंगर यांच्यामधला पनवेलचा मुलूख

पनवेल हे गाव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. कोकणात जा, पुण्याला जा, गोव्याला जा, पनवेल वाटेत लागतेच. स्टँडवर चहा घ्यायचा, वडा खायचा आणि कंडक्टरने घंटी दिली की धावत सुटायचे, एवढीच या गावाची आणि आपली ओळख. रोज हजारो माणसे ज्या मुलखावरून जातात तो पाहिलेली माणसे मात्र थोडी. काश्मीर पाहून आलेले लोक आपल्याला भेटतात, बद्रीकेदार करून आलेले भेटतात. केळवण्याचा खारबांध मुद्दाम पाहून आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. तेव्हा आज त्या मुलखाविषयी बोलावयाचे आहे.

शिक्षक मंडळींनी रायगड जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून घ्यावा, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. (१९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.) मुंबई बंदराचे पाणी पूर्वेकडे जमिनीत घुसते, त्याचे एक बोट थेट पनवेलपर्यंत येऊन टेकते. ती पनवेलची खाडी. पूर्वेला माथेरान-प्रबळची रांग आणि तिच्या पलीकडे बोरघाट. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून येई तो येथपर्यंत, आणि मुंबईचे मचवे भरतीबरोबर खाडीतून वर येत तेही येथपर्यंतच. दोघांची गाठ जेथे पडे तेथे बाजार भरला, पेठ वसली. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि पनवेलची भरभराट झाली. त्या काळच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा कोणता नोंदला आहे, ठाऊक आहे? गाड्यांची चाके तयार करण्याचा! १८५२ साली येथे नगरपालिकाही आली. पुढे १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून, पनवेलला बाजूला टाकून. बंदराचा जोर ओसरला. मग मोटारी आल्या, आणि पनवेल पुन्हा रस्त्यावर आले. आता १ ऑक्टोबर २०१६ पासून तेथे महानगरपालिका आहे.

गावाबाहेर पळस्पे फाट्याला रस्ता फुटतो. सरळ गेलात तर पुणे, उजवीकडे वळलात तर गोवा. गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये रामोशी वगैरे मंडळींना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ही कथा आपण शाळेत शिकतो. पण शिरढोणच्या रस्त्यावर उभे राहिले की समोर कर्नाळ्याचा सुळका सतत डोळ्यांत भरतो, हे पुस्तकात नसते. अशा मुलखात लहानपण गेलेल्या मुलाच्या डोक्यात गड-किल्ले घर करून बसले, यात मला नवल वाटत नाही.

कर्नाळा म्हणजे उभा केलेला अंगठा. काळ्या दगडाचा शंभर-सव्वाशे फूट उंचीचा हा सुळका आणि त्याच्या पायाशी किल्ला. सुळक्याच्या कपारीत आग्यामाशांची पोळी असतात; तेथे आरडाओरडा करू नये आणि विडीकाडी तर मुळीच पेटवू नये. पायथ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी राखले गेले. राज्यातले हे पहिले पक्षी अभयारण्य. सुरुवातीला साडेचार चौरस किलोमीटरच होते, पुढे ते सुमारे बारा झाले. एवढ्याशा रानात पक्षी का गोळा होतात? तर आजूबाजूला त्यांना दुसरीकडे जागा उरली नाही म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे गेलात तर ओढ्याच्या काठी कस्तुराची शीळ ऐकू येते. एखादा पोरगा वाटेने शीळ घालीत चालला आहे असेच वाटते.

पण कर्नाळ्यावर चढावयाचे ते मुख्यतः पश्चिमेकडे पाहण्यासाठी. तिकडे डोंगर संपतात आणि जमीन एकदम सपाट, ओली, पाण्याने चिरलेली दिसू लागते. हा खारपट्टा. खाली उतरून केळवण्याच्या बाजूला गेले म्हणजे त्याचे खरे रूप कळते.

मंडळी, येथली शेती ही समुद्राकडून मागून घेतलेली शेती आहे. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, तेव्हा पाणी आणखी वर चढते. या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलवट जमिनीला खाजण म्हणतात. पूर्वजांनी काय केले, तर चिखलाचा आणि दगडांचा बांध घालून खाजणाचा तुकडा खाडीपासून तोडून घेतला. पुढाकार घेऊन असे खाजण बांधून काढणाऱ्याला जुन्या कागदपत्रांत शिलोत्री म्हणत. बांध घातला म्हणून लगेच भात पिकत नाही. जमिनीत मीठ मुरलेले असते. पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे लागते, तेव्हा कुठे जमीन बीज धरते. अशा जमिनीत रोपे नीट वाढत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी लावणी करीत नाहीत. मोड आणलेले बी थेट चिखलात फेकतात. याला रहू म्हणतात. आणि भात कोणते? तर राता. तांबड्या दाण्याचा, मीठ सोसणारा. त्याची भाकरी खाऊन पाहा, पांढऱ्या तांदळाच्या भाकरीपेक्षा अधिक गोड लागते, असे माझे मत आहे.

आता बांधाने खाडीचे पाणी अडविले हे खरे, पण आत साठलेले पावसाचे पाणी बाहेर कसे जावयाचे? येथेच या लोकांची अक्कल दिसते. बांधाच्या पोटातून एक मोरी काढलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेले झाकण असते. तिला उघाडी म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झाकण आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडते. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना द्रवाचा दाब शिकवितांना फळ्यावर आकृती काढण्यापेक्षा त्यांना एकदा उघाडीवर न्यावे. ओहोटी सुरू होण्याच्या सुमारास न्यावे म्हणजे झाले. मुले ते दृश्य विसरणार नाहीत.

बांधाचा मोठा शत्रू मात्र लहानसाच. तो म्हणजे खेकडा. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपते, आणि एखाद्या उधाणाला तेवढ्याच जागी बांध फुटतो. याला खांड पडणे म्हणतात. खारे पाणी एकदा शेतात शिरले की तो हंगाम तर गेलाच, पण मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची दोन-तीन वर्षेही हातची जातात. म्हणून पूर्वी खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस फावडे-घमेले घेऊन धावे. हाक कानी आली आणि आपण घरात बसलो, ही मोठी नामुष्कीची गोष्ट. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला, आणि मोठ्या बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. त्यामुळे दगडी, पक्के बांध झाले, हा लाभच आहे. पण खांड पडल्यावर फावडे उचलायचे की अर्ज लिहायचा, हा प्रश्न गावात त्यानंतरचा आहे. एका वृद्ध आगरी शेतकऱ्याने मला तो थोडक्यात सांगितला. ते म्हणाले, ‘‘बांध सरकारचा झाला, पन पानी आमच्याच शेतान येतं ना!’’

बांधाबाहेर तिवरांची झाडी असते. ती लाटांचा मार आपल्या अंगावर घेते. ती तोडली की बांध उघडा पडतो. याच चिखलात निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या सापडतात, म्हणजे शेत आणि कालवण एकाच बांधाच्या दोन अंगांना. काही खाजणांत भाताऐवजी मीठ पिकवीत. त्यांना आगर म्हणत, आणि आगरी हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात.

केळवण्याहून चिरनेर फार लांब नाही. आज ते उरण तालुक्यात आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. कायद्याने बंद केलेले रान तोडायला आसपासच्या गावांतले लोक कोयते घेऊन निघाले; गोळीबार झाला, आठ सत्याग्रही पडले, आणि त्या गदारोळात पनवेलचे मामलेदारही मारले गेले. रान कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला होता.

जमीन कोणाची, हा प्रश्न पुढे आला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या पंचाण्णव गावांची जमीन संपादनाखाली आली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यावा, हे तत्त्व त्या लढ्याने मिळविले. देशातील दुसऱ्या ठिकाणचे शेतकरीही त्याचा दाखला देतात.

आता तर पनवेलच्या उंबरठ्यावर विमानतळ झाला आहे. ११६० हेक्टर जागा त्याने घेतली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळविला, दहा गावे हलविली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विमान नको असे मी म्हणणार नाही. त्या गावांतल्या तरुणांनाही तेथे काम हवेच आहे. परंतु जेथे धावपट्टी आहे तेथल्या मोठ्या भागात कालपर्यंत खाजण आणि शेते होती, आणि पावसाचे पाणी भरतीच्या वेळी तेथे विसावा घेत असे, हे ध्यानात ठेवावयास हवे. भराव घातला म्हणून पाऊस कमी पडत नाही. त्या पाण्यासाठी दुसरी जागा राखली आहे की नाही, एवढे पनवेलकरांनी दर पावसाळ्यापूर्वी विचारीत राहावे.

खाडीकडचे एवढे पुरे. पनवेलच्या पूर्वेला डोंगराकडची वाट धरली की पाऊण तासात एस. टी. ठाकूरवाडीला सोडते. समोर प्रबळगड, त्याला खेटून कलावंतीणीचा सुळका. मध्येच, डोंगराच्या खांद्यावर प्रबळमाचीची वस्ती. येथे ठाकूर राहतात, खालच्या वाड्यांतून कातकरी. कातकरी म्हणजे कात काढणारे. खैराचे रान गेले तसा तो धंदा गेला, कोळशाच्या भट्ट्याही गेल्या, आणि आता दिवाळी सरली की अनेक कुटुंबे विटांच्या भट्टीवर निघून जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. हजेरीपटावर मुलाचे नाव असते आणि मूल दुसऱ्या तालुक्यात. तेथल्या गुरुजनांना हे सांगायला नको. ते भट्टीवर जाऊन मुले शोधून आणतात.

या डोंगरांतली औषधी झाडे ठाकूर-कातकऱ्यांना नावानिशी ठाऊक. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. जवळ रान आणि दाराशी बंदर, याचा त्याला उपयोग झाला असणारच.

कलावंतीणीला जायला खडकात कोरलेल्या उंच पायऱ्या आहेत, कठड्याविना. शिमग्याला माचीवरचे ठाकूर वर जाऊन नाचतात. शहरातून येणाऱ्यांची अलीकडे गर्दी होते, त्यामुळे माचीवर घरोघर जेवणाची सोय झाली आहे. तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळतो. पैसे देताना घासाघीस करू नये. पिठापासून तेलापर्यंत जिन्नस खालून डोक्यावर आणलेला असतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि कधी वनखाते वाट बंदही करते, म्हणून दिवाळीनंतर जावे. परतीच्या एस. टी.ची वेळ पनवेलच्या स्टँडवर आधीच विचारून घ्यावी, आणि माचीवरून दीड-दोन तास हाताशी ठेवून उतरायला लागावे.