ऑफिसचा वास येतो का?

माझ्या आधीच्या ऑफिसात चहाला खाली उतरताना रजिस्टरमध्ये वेळ लिहायला लागायची. वर आल्यावर पुन्हा. पंधरा मिनिटांच्या वर गेलं की एचआरचा मेल! गंमत म्हणजे, आम्ही सगळे ती पंधरा मिनिटं काटेकोर वसूल करायला शिकलो. चहा नको असला तरी खाली. हक्काची मिनिटं सोडायची कशी? आम्ही कामचुकार नव्हतो हो, होत गेलो.

हे असं का होतं, ते मला कळलं सुमंत्र घोषाल यांच्यामुळे. तेही ते गेल्यानंतर.

मॅनेजमेंट गुरू म्हटलं की कोटटाय आणि स्लाइडवर स्लाइड, हे आपल्या डोक्यात फिट बसलंय. घोषाल मात्र आधी चक्क सरकारी कंपनीतले नोकरदार. १९४८ मध्ये कलकत्त्यात जन्म, दिल्लीत फिजिक्स, मग इंडियन ऑइलमध्ये बरीच वर्षं. फुलब्राइट मिळवून १९८१ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथे एमआयटी आणि हार्वर्ड, दोन्हीकडे एकाच वेळी डॉक्टरेट केली. विषयही वेगवेगळे. आपल्याकडे एका पीएचडीत लोकांचे केस पिकतात! पुढे फ्रान्सचं इन्सिआड, मग लंडन बिझनेस स्कूल. ख्रिस्तोफर बार्टलेट यांच्याबरोबर लिहिलेल्या 'मॅनेजिंग अक्रॉस बॉर्डर्स' (१९८९) या पुस्तकानं मल्टिनॅशनल कंपन्यांच्या अभ्यासात त्यांचं नाव पक्कं झालं.

पण मला भेटले ते एका छोट्या भाषणातून. त्यात ते सांगतात, सुट्टीला कलकत्त्याला गेलो की त्या दमट उकाड्यात माझा बहुतेक वेळ अंथरुणात लोळण्यात जातो. तोच मी वसंतात फाँतेनब्लोच्या जंगलात शिरलो की नुसतं चालवत नाही, पळावंसं वाटतं, फांदीला लटकावंसं वाटतं. माणूस तोच, हवा वेगळी. आणि बऱ्याच कंपन्या आपल्या इमारतीत तो उकाडा स्वतःच तयार करतात, वर माणसांनाच आळशी म्हणतात. या हवेला त्यांनी नाव दिलं, जागेचा वास.

आता याचा अर्थ ऑफिसात बीन बॅग आणि कॅरम ठेवा, असा काढणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. घोषाल यांच्या चांगल्या हवेत विश्वास आणि आधार आहे, तशी शिस्तही आहे आणि स्वतःला ताणणंही. नसती ढिलाई नाही.

३ मार्च २००४ रोजी लंडनमध्ये ब्रेन हॅमरेजनं ते गेले. वय फक्त ५५. त्यांचा सगळ्यात झणझणीत लेख छापून आला तो २००५ मध्ये. एन्रॉन २००१ मध्ये कोसळल्यावर बिझनेस स्कूल्स एथिक्सचे कोर्स काढायला धावली होती. घोषाल यांचं म्हणणं, नवं काही शिकवण्याआधी जुन्यातलं काही शिकवणं थांबवा. माणूस मूळचाच स्वार्थी, संधी मिळाली की फसवणारच, म्हणून त्याच्यावर पहारा हवा, ही थिअरी तुम्ही वर्गात शिकवता. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं मानलं, तर सूर्याचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं. त्याला चोर धरून वागवा, तो हळूहळू तसाच वागायला लागतो. मग पहारा आणखी वाढतो.

लक्षात घ्या, हे कोणी बाहेरचा टीकाकार बोलत नव्हता. आयुष्यभर याच वर्गांत शिकवलेला प्रोफेसर स्वतःच्या बिरादरीला, म्हणजे स्वतःलाही, जबाबदार धरत होता. करिअरच्या शिखरावर असं लिहायला जिगर लागते. मला त्यांच्या दोन डॉक्टरेटपेक्षा या एका लेखाचं कौतुक जास्त आहे.

वाचला तेव्हा मला पहिल्यांदा ते रजिस्टर दिसलं, त्याला दोरीनं बांधलेल्या पेनासकट. पेनसुद्धा बांधलेलं!

तिथे अजून असलेल्या मैत्रिणीला परवा लेख पाठवला. रात्री अकराला, लॅपटॉप बंद केल्यावर, तिचा रिप्लाय आला, "रजिस्टर गेलं गं. आता ॲप आहे."