गडग्यावरची कोरांटी

पाऊस सरला आणि कातळावरचं गवत पिवळं पडू लागलं, की रत्नागिरीच्या वाड्यांमधले गडगे कोरांटीने उजळतात. फुलं सोनपिवळी, पण बिनवासाची. कुणी ती देवाला वाहतं, कुणी वेणीत गुंफतं. झुडूप मात्र गुरं अडवायला लावलेलं, त्यामुळे थांबून त्याच्याकडे पाहणारे थोडेच. मला ते कोकणातल्या सगळ्यात देखण्या झुडपांपैकी एक वाटतं.

कोरांटी, म्हणजेच वज्रदंती, ही अडुळसा आणि अबोली यांच्या कुळातली. ‘बार्लेरिया प्रायोनायटिस’ हे तिचं शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलं. त्यातला ‘बार्लेरिया’ आला तो जाक बारेलिए या फ्रेंच धर्मगुरूवरून. तो वनस्पतींचाही अभ्यासक होता.

झुडूप ३ ते ५ फुटांचं. पानं समोरासमोर आणि त्यांच्या बगलेत ३ ते ५ टोकदार काट्यांचा झुबका. फुलाच्या बुडाशी असलेल्या इवल्या पानांची टोकंही काटेरीच. वाळलेलं पान भिंगाखाली धरलं, तर त्यावर बारीक रेघा दिसतात. पेशींमध्ये साठलेले ते कॅल्शियम कार्बोनेटचे कण. त्यांना सिस्टोलिथ म्हणतात आणि या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींची ती ओळखखूण आहे.

फुलाची घडण आणखी मजेदार. खाली अरुंद नळी, वर पाच पाकळ्या. त्यातल्या चार एका बाजूला आणि पाचवी एकटी समोर. बाहेर डोकावणारे दोनच पुंकेसर परागकण देतात, बाकीचे खुरटलेले असतात. मध नळीच्या तळाशी, त्यामुळे तिथवर लांब सोंडेचे पाहुणेच पोहोचतात.

खरी करामत बोंडाची. चोचीसारखं टोक असलेल्या या बोंडात दोन चपट्या बिया असतात, प्रत्येक बी एका आकड्यावर टेकलेली. पिकलेलं बोंड उभं उकलतं तेच फटकन, आणि आकडे गोफणीसारखे बिया दूर भिरकावतात. बीवर दाट केस चिकटून बसलेले असतात. पाणी लागलं की ते फुलारतात, बुळबुळीत होतात आणि बी मातीला धरून राहते.

या युक्तीचं बळ ऑस्ट्रेलियाने अनुभवलं आहे. शोभेसाठी तिकडे गेलेली कोरांटी बागेबाहेर पडली आणि उत्तर भागात उपद्रवी तण ठरली. आपल्याकडे ती मूळचीच. दातांच्या दुखण्यावर तिचा पाला चावायची रीत जुनी आहे, आणि आयुर्वेदात ती ‘सहचर’ म्हणून येते. बार्लेरिन हे रसायनही प्रथम याच वंशातून ओळखीचं झालं.

आता चिऱ्याचे गडगे जाऊन सिमेंटची कंपाउंडं उभी राहत आहेत आणि कोरांटी मुळासकट उपटली जात आहे. आपल्या आवारात काम काढाल, तेव्हा तिची एखादी फांदी कडेला लावून ठेवा. ती सहज जगते, आणि तिला फारसं पाणीही लागत नाही.