दप्तराची दुसरी प्रत

दक्षिण कोरियाच्या शासनाचे संगणकीय दप्तर ज्या राष्ट्रीय केंद्रांत सांभाळले जाते, त्यांपैकी डेजॉन शहरातील केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. वीज खंडित झाल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून बसविलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता एका बॅटरीने पेट घेतला. सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांपैकी बहुतेक पुढील काही आठवड्यांत क्रमाक्रमाने पूर्ववत झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ मात्र परत आली नाही. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे ठेवावीत यासाठी ती निर्माण करण्यात आली होती. तिच्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्याने बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. आपल्या टेबलावरील संगणकात काही न ठेवता सर्व कागदपत्रे या सामाईक साठ्यातच ठेवावीत, अशी सूचना कर्मचाऱ्यांना होती. ज्यांनी ती काटेकोरपणे पाळली, त्यांचेच नुकसान सर्वांत अधिक झाले, हे विशेष.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि अनेक विभागांची कागदपत्रे भस्मसात झाली. त्यानंतर नस्त्यांची पुनर्बांधणी करताना अन्य कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. कागदी दप्तराच्या जुन्या पद्धतीत पत्राची स्थळप्रत एका कार्यालयात व मूळ प्रत दुसऱ्या कार्यालयात राहत असे. ही सोय कोणी मुद्दाम आखलेली नव्हती, पण ती होती. संगणकावर माहिती एके ठिकाणी आली की ही सोय नाहीशी होते आणि ती बुद्ध्या निर्माण करावी लागते.

सातबारा किंवा जन्म-मृत्यूची नोंद मध्यवर्ती प्रणालीवर होते व तिची निगा तेथील यंत्रणेने राखावयाची असते. तथापि ग्रामसभेची टंकलिखित इतिवृत्ते, पत्रव्यवहार, कामांची छायाचित्रे, शाळेचे निकालपत्रक यांसारखी माहिती पुष्कळदा कार्यालयातील एकाच संगणकावर असते. तिच्याविषयी प्रथम दोन प्रश्न विचारावेत. संगणक आज बंद पडला तर किती दिवसांचे काम पुन्हा करणे परवडेल? आणि काम किती वेळ थांबले तर चालेल? पहिल्या उत्तरावरून प्रत रोज घ्यावी की आठवड्याने, हे ठरते. दुसऱ्यावरून पर्यायी यंत्राची व्यवस्था किती तत्पर हवी, हे ठरते. सर्व माहितीला एकच नियम लावल्यास खर्च वाढतो आणि शेवटी काहीच होत नाही.

जाणकारांचा रूढ संकेत असा, की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत असावी. संगणक आणि त्याची हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील, तर ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आला तसा पूर दोहोंना एकदमच गाठतो. दोन यंत्रे जोडून एकाची प्रतिमा दुसऱ्यावर आपोआप उमटविणे ही वेगळी गोष्ट आहे. यंत्र बिघडल्यास तिचा उपयोग होतो. परंतु चुकून पुसलेली नोंद दुसरीकडेही तत्काळ पुसली जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. असे प्रोग्राम जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोहोचतात. यास्तव एक प्रत काम होताच संगणकापासून वेगळी करून ठेवणे इष्ट होय.

प्रत घेतली म्हणजे ती परत वाचता येईलच, असे नाही. गिटलॅब या संगणकक्षेत्रातील कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. प्रती राखण्याच्या पाच पद्धती असूनही ऐनवेळी त्यांतील एकही धड उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून बचाव झाला. मोठ्या, जाणत्या संस्थेची ही स्थिती, तर लहान कार्यालयाने नुसत्या नोंदवहीतील ‘प्रत घेतली’ या शेऱ्यावर विसंबू नये. तीन महिन्यांतून एकदा राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातील दोन-चार कागद उघडून पाहावेत, किती वेळ लागला तो लिहावा.

राहिला आपत्तीनंतरच्या कामाचा आराखडा. कोणते काम प्रथम सुरू करावयाचे, प्रत कोणाच्या ताब्यात आहे, तंत्रज्ञाचा दूरध्वनी कोणता, एवढे एका पानावर मावते. ते पान छापील असावे व एक प्रत कार्यालयाबाहेरही असावी. बंद पडलेल्या संगणकातच ते ठेवलेले असल्याचे पुष्कळदा आढळते. परवलीचे शब्द मात्र त्या पानावर लिहू नयेत. ते मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाकडे द्यावेत आणि बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना पाकीटही सोपविल्याची नोंद घ्यावी.