दोन गडांमधली धार

राजगडावर ज्यांनी एक तरी रात्र काढली आहे, त्यांना संध्याकाळी संजीवनी माचीच्या टोकाशी जाऊन उभे राहण्याची ओढ ठाऊक असेल. समोर तोरणा असतो. दिवस मावळू लागला की दोन्ही गडांना जोडणारी लांबच लांब डोंगरधार तेवढ्यापुरती काळी, रेखीव दिसू लागते. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन गडांमधले अंतर सातेक किलोमीटर भरते. धारेच्या वळणांनी आणि चढउतारांनी गेले की ते बाराच्या आसपास जाते. आमच्या पिढीने ही वाट पाठीवर पिशवी टाकून, मध्ये भाकरी सोडून, दिवसभरात चालायची म्हणून चालली. आता हिवाळ्यात काही माणसे ती पळत जातात.

पळत, हे ऐकल्यावर आमच्या जुन्या गडकरी मंडळींच्या कपाळाला आठी पडते. गो. नी. दांडेकरांच्या लेखनावर वाढलेली ही माणसे. गडावर मुक्काम करावा, तटाच्या चिऱ्यावर हात ठेवून बसावे, हे त्यांच्या अंगात मुरलेले. "गड पाहायचा असतो की पळायचा?" असा त्यांचा रोकडा सवाल. प्रश्न रास्त आहे. पण हाती कर्णे घेऊन गाणी लावत वर येणाऱ्या घोळक्यांपेक्षा हे पळणारे मला परवडतात. ते बोलत नाहीत, कारण बोलायला श्वास शिल्लक नसतो. आणि पळण्याआधी ती वाट त्यांनी चार-पाचदा चालून पाठ केलेली असते.

वाट पाठ करावी अशीच आहे. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब. तिची ती प्रसिद्ध दुहेरी तटबंदी. तिथून अळू दरवाजाने बाहेर पडले की घसरणीचा उतार लागतो आणि मग धार सुरू होते. उजव्या हाताला गुंजवणीचे खोरे, डाव्या हाताला वेळवंडीचे, म्हणजे भाटघर धरणाचे पाणी. धारेवर पडलेला पाऊस दोन बाजूंना विभागून उतरतो आणि पुढे दोन्हीकडून नीरेलाच मिळतो. मधल्या एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. त्यानंतर चढ धरायचा तो थेट तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत. उपड्या बुधल्यासारखा दिसणारा तो सुळका खिंडीतून अगदी हाताशी वाटतो. तसा तो नसतो. त्याच्या अलीकडे कातळाचा टप्पा आहे, तिथे दोन्ही हात टेकावे लागतात. तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर, आणि ती सगळी उंची शेवटच्या टप्प्यात वसूल केली जाते.

(एक हिशेब जाता जाता. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. परंपरा सांगते की तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला. थोरल्या भावाने शिकवून मोठा केलेल्या धाकट्याचा सत्कार व्हावा, तसे झाले.)

या धारेवर पळणे म्हणजे काय, हे मला माझ्या भाचीने समजावून दिले. वय अडतीस, दोन मुले, रोजची नोकरी. सराव पहाटे वेताळ टेकडीवर, महिन्यातून एकदा सिंहगड. तिच्या म्हणण्याप्रमाणे चढावर कोणीच पळत नाही. गुडघ्यावर हात रेटत भरभर चालायचे. पळायचे ते सपाटीवर आणि उतारावर, आणि खरा कस उतारावर लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावल्यासारखा. त्याच्या बारीक तंतूंना इजा होते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना भिंत धरावी लागते. पावले लहान टाकायची. नजर पायाशी ठेवायची नाही, तीन-चार पावले पुढे ठेवायची. पाय तिथे पोचेपर्यंत त्याला बातमी मिळालेली असते. सुकलेले गवत निसरडे, आणि त्याहून वाईट म्हणजे मुरमाचा घसारा. मी आयुष्यभर बँकेत घसारा हा शब्द यंत्रांच्या आणि फर्निचरच्या घटत्या किमतीसाठी लिहिला. त्याचा दुसरा अर्थ अळू दरवाजाखाली बूड टेकून उतरताना कळतो.

धारेवर पाणी नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. राजगडावर पद्मावती तळे आहे, टाकी आहेत, तोरण्यावरही टाकी आहेत. मध्ये काही नाही. पावसाळ्यानंतरचे हिरवेपण डिसेंबरात ओसरते आणि दहाच्या सुमारास कातळ तापू लागतो. घामाबरोबर अंगातले मीठही जाते. त्यावर नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ आणखी विरळ होते. मळमळते, डोके दुखते, फार झाले तर शुद्ध हरपते. म्हणून गेल्या हिवाळ्यात खिंडीतल्या मदतीच्या ठिकाणी आम्ही पाण्याच्या पिंपाशेजारी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, खजूर आणि लिंबाचे सरबत मांडून बसलो होतो. माझ्याकडे वही होती. येणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ लिहायची.

खिंडीची अखेरची वेळ साडेदहा. त्यानंतर येणाऱ्याला पुढे सोडायचे नाही, गाडीने खाली पाठवायचे. साडेदहापर्यंत मी चौसष्ट क्रमांक लिहिले. भाचीचा त्यात नव्हता. माझ्या शेजारचा संयोजकांचा मुलगा पंचविशीचा असेल. त्याला आमचे नाते ठाऊक होते. तो काही बोलला नाही, फक्त घड्याळ माझ्या बाजूला सरकवून ठेवले.

ती आली तेव्हा दहा एक्केचाळीस झाले होते. पडलेली नव्हती, लंगडत नव्हती, हसत होती. सरबताचा पेला एका दमात संपवून ती चढाकडे वळली. मुलगा आडवा झाला.

"अकरा मिनिटं, मामा," ती मला म्हणाली. "अकरा मिनिटांनी काय होतं?"

मी वेळ लिहिली. पुढच्या रकान्यात 'थांबवले' लिहिले.

"तुम्ही तरी सांगा ना त्याला."

"अगं, वही माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "मीच सांगतोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते तिने मला पाहू दिले नाही. दगडावर बसून बुटाचे बंद सोडले, पुन्हा बांधले, पुन्हा सोडले. वर्षभराच्या पहाटा त्या चढापाशी येऊन थांबल्या होत्या. गाडीत खाली उतरताना ती एक शब्द बोलली नाही, आणि घरी तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या आठवड्यात मला चहाला बोलावले नाही.

अकरा मिनिटांनी काय होते, याचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नसते. बहुधा काहीच झाले नसते. पण तोरण्याच्या त्या चढाला सावली नाही, गाडी पोचत नाही, आणि मधेच कोणी बसला तर झोळी करून खाली आणायला चार-पाच माणसे आणि काही तास लागतात. जो उशिरा निघतो त्याच्या वाट्याला तापलेला कातळ येतो, तोही थकलेल्या पायांनी. वेळेची रेघ या हिशेबाने ओढलेली असते.

ही रेघ ओढायला कोणी नसेल तर काय होते, त्याचे उदाहरण दूर चीनमधले आहे. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण उतरले होते. आपल्याकडे भीती उन्हाची, तिथे आली थंडी. डोंगरावर वादळी वारा, गारा, गोठवणारा पाऊस सुरू झाला. वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. बहुतेकांच्या अंगावर अर्ध्या चड्ड्या आणि पातळ सदरे. सर्वांत उंच टप्प्यावर वाहन जात नव्हते. २१ जण गारठून मेले, त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. धडधाकट, कसलेली माणसे; दमून परत फिरणारे कित्येक वाचले. चू केमिंग नावाचा एक मेंढपाळ त्या दिवशी मेंढ्या घेऊन गेला होता आणि पावसामुळे गुहेत थांबला होता. त्याने एकेकाला गुहेत आणले, आग पेटवली, गोधडीत गुंडाळले. सहा जण त्याच्यामुळे जगले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या धारेवरचे धनगर आठवले. हवा फिरली की आधी त्यांना कळते. खिंडीत त्या दिवशी ताक विकायला बसलेल्या बाई दुपारपर्यंत वरच्या चढाकडे अधूनमधून पाहत होत्या. शेवटचा क्रमांक सोडून मी वही मिटली तेव्हा त्यांनी विचारले, "वर किती ऱ्हायले?" मी आकडा सांगितला. तोरण्याहून सगळे पोचल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे त्यांनी ताकाचा हंडा आवरला.

भाची फेब्रुवारीत एका साध्या शनिवारी दोन मैत्रिणींना घेऊन गेली आणि खिंडीपासून तोरण्यापर्यंतचा चढ चालत चढून आली. साडेतीन तास लागले म्हणाली. येत्या हिवाळ्यासाठी तिने नाव नोंदवले आहे, आणि यंदा सराव सिंहगडाच्या उतारावर चालू आहे, चढावर नव्हे. अकरा मिनिटे तिथेच गेली, असा तिचा हिशेब आहे. खिंडीतली वही मी मागून ठेवली आहे. तिला ते कळले आहे, आणि अजून तरी तिने हरकत घेतलेली नाही.